कंबर धरली, कॅज्युअल्टीत जायचे का?

पडलो नाही, लागले नाही, तरी कंबर, मान किंवा गुडघा धरतो आणि आपल्या वस्तीतली माणसे रात्री सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. सकाळची ओपीडी म्हणजे रोज बुडाला. पण कॅज्युअल्टीत आधी अत्यवस्थ रुग्ण पाहतात. तासन् तास बसून दुखण्याचे इंजेक्शन मिळते, मूळ तसेच राहते. साधी कंबरदुखी झेपेल तेवढी हालचाल ठेवली तर बहुधा काही आठवड्यांत उतरते. एक्स-रेचीही सहसा गरज नसते.

काही दुखण्यांत मात्र रात्र काढू नका. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघा आणि बैठकीची जागा बधिर झाली, पायांतली ताकद गेली, तर मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात. उशीर झाला तर अधूपणा कायमचा राहतो. (बायाबापड्या लाजेने हेच सांगत नाहीत, डॉक्टरांना आधी हेच सांगा.) एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तरीही लगेच जा. छाती, डावा खांदा किंवा जबडा दुखून घाम फुटला, तर १०८ लावा.

बाकीच्यांनी ओपीडी गाठावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.