रात्रीचा बॅकअप परवानगीअभावी अडतोय? आधी हे तपासा

दुकानाचे हिशेब, लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले... आज सगळं कॉम्प्युटरवर असतं. म्हणून अनेक जण विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोज रात्री कॉपी काढण्याचं काम लावून ठेवतात आणि निर्धास्त होतात. काम खरंच होतंय का, हे मात्र कुणी बघत नाही. हार्ड डिस्क बिघडली की कळतं, शेवटची कॉपी कित्येक महिन्यांपूर्वीची आहे.

आपल्याकडे नेहमी विचारलं जातं, "तीच फाइल डबल क्लिक केली तर चालते, मग रात्री का नाही?" कारण सोपं आहे. हाताने चालवली तर ती तुमच्या परवानगीने चालते. शेड्युलर मात्र त्या कामात ज्या खात्याचं नाव नोंदवलंय, त्याच्या परवानगीने चालवतो. त्या खात्याला फोल्डर उघडता येत नसेल तर काम तिथेच थांबतं.

आधी टास्क शेड्युलर उघडून आपल्या कामापुढचा 'लास्ट रन रिझल्ट' हा रकाना पाहा. शून्य असेल तर सहसा सगळं ठीक आहे. कोडच्या शेवटी '०००५' असेल तर परवानगी नाकारली गेली आहे. शेवटी '०५२ई' असेल तर खात्याचं नाव किंवा पासवर्ड चुकतोय.

मग एकेक गोष्ट तपासू या.

१. पासवर्ड नुकताच बदललाय का? शेड्युलरकडे जुनाच राहतो. कामाची 'प्रॉपर्टीज' उघडून नवा पासवर्ड द्या. इथे पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो.

२. कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाते का? मग 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' यावरची खूण काढा. ती असेल तर काम फक्त याच कॉम्प्युटरपुरतं चालतं. तसंच 'झेड' ड्राइव्हसारखं अक्षर न देता नेटवर्कचा पूर्ण पत्ता लिहा. तुम्ही लॉगिन नसताना ते अक्षर शेड्युलरला दिसत नाही.

३. फोल्डरवर राइट क्लिक करून 'सिक्युरिटी' टॅबमध्ये त्या खात्याला 'मॉडिफाय' परवानगी द्या. कंटाळून 'एव्हरीवन'ला सगळी मुभा देऊ नका. उद्या एखादा व्हायरस शिरला, तर त्यालाही तोच दरवाजा उघडा मिळेल.

४. 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' ही खूण विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला हात लावायचा असेल तरच करा. प्रत्येक दुखण्यावर ते औषध नाही.

शेवटी कामावर राइट क्लिक करून 'रन' दाबा. पण नुसत्या शून्यावर भरवसा ठेवू नका. कॉपी झालेली एखादी फाइल उघडून बघा. महिन्यातून एकदा हे केलं, तर गरजेच्या वेळी हात रिकामे राहणार नाहीत.