मंग पुढं काय झाला?

झरी या गावातल्या एका आजाने मला त्याच्या शेळीची गोष्ट सांगितली. पाऊस सरता सरता शेळीने चरणं सोडलं. दुसऱ्या दिवशी रवंथ करणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी डावी कूस फुगून डफासारखी ताणली. चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच कुशीत चिरा दिला आणि पोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा घट्ट गोळा बाहेर काढला. टाके घातल्यावर तीन दिवसांनी शेळी रवंथ करू लागली आणि होळीनंतर तिला दोन पिलं झाली.

आजा शाळेत गेलेला नाही. पण वैद्यकीय नियतकालिकातल्या केस रिपोर्टमध्ये जे असावं लागतं, ते सगळं त्याच्या सांगण्यात होतं: लक्षणं कोणत्या क्रमाने आली, चिरा कुठे दिला, आत काय सापडलं आणि जनावराचं पुढे काय झालं. एकाच रुग्णाची अशी नोंद हा शल्यचिकित्सेतला सर्वात जुना लेखनप्रकार आहे. मोठ्या संख्येच्या अभ्यासांपुढे तिचं वजन कमी धरतात, ते योग्यच आहे. पण आजार दुर्मीळ असला, किंवा रुग्ण असा असला की त्याच्यावर सहसा कोणी शस्त्रच लावलेलं नाही, तर मागच्याने लिहून ठेवलेली एखादी नोंद हाच पुढच्याचा आधार असतो.

असे रुग्ण झरीपासून फार लांब नाहीत. डहाणूत वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था मिळून समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जखमी, थकलेली कासवं या किनाऱ्याला लागतात. त्यांत ऑलिव्ह रिडले असतात, हिरवी कासवंही असतात. पुष्कळांच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला, म्हणजे फ्लिपरला, तुटक्या जाळ्याचा फास बसलेला असतो. कासव सुटायला धडपडतं तसा नायलॉनचा धागा आणखी आवळतो, रक्तपुरवठा तुटतो, मांस सडतं आणि कधी नुसतं हाड उरतं. मग तो पाय कापून टाकावा लागतो. केंद्राचे पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांनी अशा एका ऑलिव्ह रिडलेला कृत्रिम फ्लिपर बसवण्याचाही प्रयत्न केला.

कासवावर शस्त्रक्रिया करणं म्हणजे शेळीवर किंवा माणसावर शिकलेलं अर्धंअधिक बाजूला ठेवणं. पहिली अडचण भुलीची. भुलीचा वायू हुंगायला दिला तर कासव श्वास रोखून धरतं. पाण्याखाली तासन् तास राहणाऱ्या प्राण्याला त्यात काहीच अवघड नाही. म्हणून आधी सुई द्यायची, मग नळी घालून फुफ्फुसं आपण चालवायची. तरी भूल किती चढेल याचा नेम नाही, कारण त्याचं हृदय तीन कप्प्यांचं असतं आणि ते रक्ताला फुफ्फुसं टाळून परस्पर शरीराकडे वळवू शकतं. शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलतं. पाणी गार असेल तर औषध अंगात रेंगाळतं, जखमही सावकाश भरते. माणसाचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात. कासवाचे महिना-दीड महिना ठेवावे लागतात.

पू ही तर वेगळीच गोष्ट आहे. आपला पू वाहतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमधली विकरं मेलेलं मांस विरघळवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्या जातीच्या पेशींत ती ताकद नसते. त्यामुळे त्यांचा पू घट्ट होतो, पनीरसारखा. गळू फोडून तो वाहून जाईल म्हणून वाट पाहिली तर काहीच होत नाही. तो कोरूनच काढावा लागतो.

आणि कासवाच्या पाठीचं कवच म्हणजे अंगावर ठेवलेलं झाकण नव्हे. त्याचा कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात आणि फुफ्फुसं थेट त्याच्या खाली असतात. बोटीचा पंखा पाठीत घुसला की जखम सरळ फुफ्फुसात उतरते. फाटलेल्या फुफ्फुसातली हवा पोटाच्या पोकळीत साठली की एक बाजू वर उचलली जाते आणि कासवाला बुडीच मारता येत नाही. वरून ते नुसतं शांतपणे तरंगताना दिसतं. प्रत्यक्षात ते उपाशी असतं, उन्हात भाजत असतं.

हे सगळं मी आजाला जमेल तसं सांगितलं. पाय कापला, जखम भरली, कासव तीन पायांनी टाकीत पोहू लागलं, मग समुद्रात सोडलं. तो ऐकत होता. म्हणाला, “मंग पुढं काय झाला?”

मला उत्तर देता आलं नाही. केस रिपोर्ट वाचतानाही मी याच प्रश्नाचं उत्तर सर्वात आधी शोधतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली या वाक्याला माझ्या लेखी फार अर्थ नाही. सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय, हे लिहिलेलं असेल तरच मी त्या नोंदीवर विश्वास ठेवतो.

जगभर गाजलेली अशी एक नोंद पुण्याची आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ती छापून आली. इंग्रज फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. छापील नोंदीत त्याचं नाव कावसजी असं आहे. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून पाहिलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोलली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. मग ती पीळ देऊन खाली वळवली, नाकाच्या ताज्या कापलेल्या कडांत बसवली आणि वरून काताचा लेप दिला. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या चिंध्या, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली. सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे आणि माप झाडाच्या पानाने घ्यायला सांगितलं आहे. पुण्याची रीत तिच्याहून निराळी, कपाळाची. नाक गमावलेल्या रुग्णांसाठी आजही कपाळाचीच कातडी वापरतात आणि जोड साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोडतात. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने हे वाचलं, आधी प्रेतांवर हात बसवला आणि १८१४ मध्ये पहिलं नाक केलं.

या नोंदीत मला सर्वात मोलाचं वाटतं ते तिच्यासोबतचं चित्र. पुण्यात राहणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने ते शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलं. नवं नाक आहे, कपाळावर व्रण आहे. पुढे काय झालं, हे लंडनमध्ये बसलेल्या माणसालाही डोळ्यांनी पाहता आलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या ज्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, त्यांची नावं छापून आली. रुग्णाचं आलं, चित्रकाराचं आलं. ज्याच्या हातांनी नाक झालं त्याचं नाव कोणी लिहिलं नाही. ही गोष्ट झरीत बसून आठवली तेव्हा जास्त लागली. याच गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. त्याआधी त्यांच्या कित्येक पिढ्यांनी सावकाराच्या शेतात काय काय केलं, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

कासवांच्या बाबतीत आता थोडं लिहिलं जाऊ लागलं आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात योजना आहे: जाळ्यात कासवासारखा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई पंचवीस हजार रुपयांपर्यंत मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. म्हणजे बोटीवरचा तांडेलही एका अर्थाने नोंद करतो. आणि सोडलेल्या कासवाचं पुढे काय झालं, हे सांगू शकते एक धातूची पट्टी. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या फ्लिपरला क्रमांकाची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती रत्नागिरीतल्या गुहागरला अंडी घालायला वाळूवर आली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं निरनिराळी मानण्याकडे कल होता. एका मादीच्या पायातल्या क्रमांकाने तो विचार पुन्हा उघडायला लावला.

पुढच्या खेपेला आजाला मी ही मादी सांगितली. त्याला ती आवडली. मग थायलंडचं एक कासव सांगितलं. लोक नवसाने तळ्यात नाणी टाकत, ते ती गिळत राहिलं. कासवाच्या घशात खाली वळलेले कठीण काटे असतात. गिळलेलं परत वर येत नाही. मार्च २०१७ मध्ये बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी त्याच्या पोटातून ९१५ नाणी काढली, वजन पाच किलो.

“मंग?”

“मेलं. दोन आठवड्यांनी.”

“कशानी?”

नाणी निघाल्यावर आत रिकामी जागा झाली, तिथे आतडी सरकून त्यांना पीळ पडला. रक्तात आधीच विष भिनलेलं होतं. त्या डॉक्टरांनी हे लपवलं नाही, हेही मी सांगितलं. आजा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, त्या शेळीच्या आधी आणखी एक होती, ती मेली. डॉक्टर येईपर्यंत मेली. पुरण्याआधी त्याने स्वतः तिचं पोट फाडून पाहिलं होतं, काय होतं ते कळायला हवं म्हणून.

काय होतं?

त्याने दोन्ही हात लांब करून दाखवले. एवढी दोरी. हिरवी, नायलॉनची, जाळ्याला असते तशी.