केळीची ३३ गुणसूत्रे

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्ली पंचतन, दिवेआगर आणि श्रीवर्धन या पट्ट्यातील वाड्यांमध्ये नारळ-पोफळीच्या उंच सावलीत केळ, केळीच्या सावलीत हळद आणि पाटाच्या कडेला अळू अशी लागवड पिढ्यान्पिढ्या होत आली आहे. ही सारी झाडे एकाच पाटाच्या पाण्यावर वाढत असली, तरी त्यांच्या वंशवृद्धीची रीत एक नाही. नारळ नारळापासून रुजतो आणि पोफळ सुपारीपासून उगवते, मात्र केळीला केळीच्या फळापासून उगवता येत नाही. तिचे मुनवे काढून लावावे लागतात, आणि हळदीचे गड्डे जपून ठेवून पुन्हा पुरावे लागतात. शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या या भेदाचे कारण त्या झाडांच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे सजीवाचे शरीर ज्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते त्या कणांत, दडलेले आहे.

पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक माहिती ज्या धाग्यांवर साठवलेली असते, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. नारळाच्या पेशीत ती ३२ असतात, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक केळीच्या जातींत ३३. केवळ बेरीज पाहिली तर हा फरक नगण्य वाटेल. पण महत्त्व बेरजेला नसून संचांना आहे. नारळाची ३२ गुणसूत्रे म्हणजे १६ गुणसूत्रांचे दोन संच होत, ज्यांपैकी एक नर बाजूकडून आणि एक मादी बाजूकडून आलेला असतो, आणि अशा सजीवाला द्विगुणित म्हणतात. केळीचा मूळ संच ११ गुणसूत्रांचा असून तिच्या पेशीत असे तीन संच असतात, म्हणून ती त्रिगुणित ठरते. दोनाहून अधिक संच असण्याच्या या अवस्थेला बहुगुणिता अशी सर्वसाधारण संज्ञा आहे.

परागकण आणि बीजांड तयार होताना पेशीला आपली गुणसूत्रे निम्मी करावी लागतात, ज्यासाठी सारखी गुणसूत्रे आधी जोडीने एकत्र येतात आणि मग जोडीतील एकेक विरुद्ध टोकांना जाते. दोन संच असतील तर हे काम सुरळीत पार पडते. तीन असले की प्रत्येक गटातील तिसरे गुणसूत्र जोडीवाचून उरते, ते कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला जाते, आणि तयार होणाऱ्या बहुतेक पेशी कमीजास्त गुणसूत्रांच्या, म्हणून निकामी निघतात. पराग निकामी असूनही केळीला गर धरतो, कारण परागसिंचनाशिवाय फळ पोसण्याचा स्वतंत्र गुण तिच्यात आहे. केळ सोलल्यावर मध्यभागी दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बीजांडांचे अवशेष होत. बी धरणारे फळ कसे असते हे ज्याला पाहायचे असेल, त्याने पावसाळ्यात सह्याद्रीच्या कातळकड्यांवर उगवणारी चवई पाहावी. केळीच्याच कुळातील ही रानवनस्पती द्विगुणित असून तिच्या फळात गर थोडा आणि काळ्या, दगडासारख्या बिया भरपूर असतात.

लागवडीच्या केळीचे पूर्वज दोन रानटी जातींत सापडतात, ज्यांच्या गुणसूत्रसंचांना शास्त्रज्ञ अनुक्रमे ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे देतात. जळगावच्या रावेर-यावल भागातील बसराई आणि ग्रँड नैन यांत तिन्ही संच ‘ए’चे आहेत, ज्या राजेळीची सुकेळी होतात तिच्यात दोन ‘ए’ आणि एक ‘बी’, तर भाजीच्या बनकेळात एक ‘ए’ आणि दोन ‘बी’ आहेत. कोकणात आवडीने खाल्ली जाणारी सफेद वेलची मात्र या मांडणीत वेगळी पडते, कारण तिच्यात दोनच संच असून एक ‘ए’चा आणि दुसरा ‘बी’चा आहे. संख्या सम असूनही तिला बी धरत नाही, कारण दोन वेगळ्या जातींची गुणसूत्रे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. म्हणजे वंध्यत्वाचा दोष सर्वस्वी तिसऱ्या संचावर टाकणे योग्य नाही.

हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रे असतात, म्हणजे २१ गुणसूत्रांचे तीन संच. तिला फुलोरा येतो, परंतु बी क्वचितच धरते, आणि सांगलीच्या बाजारात येणारे हळकुंड असो की नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी परसातून तोडलेले पान असो, त्यामागची सारी लागवड गड्ड्यांवरच चाललेली असते. अळूच्या तर द्विगुणित आणि त्रिगुणित अशा दोन्ही जाती भारतात आढळतात. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे: सुवासिनीची ओटी भरताना हळकुंड घालतात आणि लग्नमांडवाच्या दाराशी केळीचे खांब उभारतात ते वंशविस्ताराच्या कामनेने, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही वनस्पती वंध्य आहेत. अर्थात ही प्रथा पाडणाऱ्यांचे निरीक्षण चुकले असे म्हणता येणार नाही, कारण त्यांनी बी पाहिले नव्हते. खोडाभोवती फुटणारे मुनवे आणि एका गड्ड्याचे अनेक गड्डे होणे पाहिले होते.

निसर्गात जादा संच बहुधा पेशीविभाजनातील चुकीने येतो. तीच चूक माणसाला हवी तेव्हा घडवता यावी, ही सोय कोल्चिसीन या द्रव्याने झाली, आणि हे द्रव्य ज्या वनस्पतींत असते त्यांपैकी एक, कळलावी, पावसाळ्यात कोकणातील कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली दिसते. (तिचा कंद अत्यंत विषारी असल्याने तिच्याशी घरगुती प्रयोग करू नयेत.) विभाजनाच्या वेळी दुप्पट झालेली गुणसूत्रे दोन टोकांना ओढून नेणारे तंतू पेशीत तयार होतात, कोल्चिसीन हे तंतू बनू देत नाही, त्यामुळे गुणसूत्रे दुप्पट होऊनही पेशी दुभंगत नाही आणि सारे संच एकाच पेशीत राहतात. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी वनस्पतींवर हा परिणाम दाखवून दिल्यानंतर जपानमधील हितोशी किहारा यांनी त्याचा उपयोग कलिंगडासाठी केला. कलिंगडाची गुणसूत्रे २२. कोल्चिसीनने ती ४४ केलेल्या वेलाचा साध्या वेलाशी संकर केला की ३३ गुणसूत्रांचे, तीन संचांचे बियाणे मिळते, ज्याच्या वेलाला बिनबियांची फळे लागतात. केळीत जे आपसूक घडले, ते येथे हिशेबाने घडवले गेले, आणि योगायोग असा की दोन्हीकडे आकडा ३३ हाच आहे.

संच सम संख्येत असतील आणि त्यांना आपापले जोडीदार मिळत असतील, तर बहुगुणित वनस्पती उत्तम बी धरते. सातारा-सांगलीकडील खपली गव्हात दोन रानगवतांतून आलेले मिळून चार संच, म्हणजे २८ गुणसूत्रे आहेत. चपातीच्या गव्हात तिसऱ्या गवताचे दोन संच मिसळून ती ४२ झाली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत सातांचे आठ संच आहेत. संच वाढले की पेशीचा आकार बहुधा वाढतो, आणि पान, फूल किंवा फळ थोराड होण्यास त्याचाही हातभार लागतो. उसाचे गणित मात्र भल्याभल्यांना चकवणारे आहे. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात गोड ऊस आणि रानऊस यांच्या संकरातून जे वाण निघाले, त्यांच्या वंशातील आजच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक वाणाचा आकडा वेगळा असतो. याच केंद्रात काम केलेल्या जानकी अम्मल यांनी पुढे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्यांचा कोश १९४५ साली प्रसिद्ध केला.

प्राण्यांत बहुगुणिता विरळ असली तरी अपरिचित नाही. शेततळ्यात एकत्र वाढवल्या जाणाऱ्या माशांपैकी रोहू आणि कटला यांत ५० गुणसूत्रे असतात, तर सायप्रिनसमध्ये १००, कारण त्याच्या पूर्वजांत कधीकाळी सारे संच दुप्पट झाले. मानवी गर्भात तिसरा संच येऊन गुणसूत्रे ४६ ऐवजी ६९ झाली, तर बहुतेक वेळा गर्भपात होतो. मात्र त्याच मानवी शरीरातील यकृताच्या काही पेशींत चार किंवा अधिक संच असणे ही निरोगी अवस्थेतलीही नेहमीची बाब आहे. अस्थिमज्जेतील ज्या मोठ्या पेशींचे तुकडे पडून रक्त गोठवणाऱ्या बिंबिका तयार होतात, त्यांत १६ संच सहज आढळतात आणि काहींत ६४ पर्यंत जातात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्यातील नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. मोडलेली केळ मात्र जमिनीतील कंदातून लगेच फुटते. वंध्य झाडाची ही जमेची बाजू झाली. उणी बाजू अशी की मुनव्यांतून वाढलेले प्रत्येक झाड आनुवंशिक दृष्ट्या मूळ झाडच असल्याने एकाला जडणारा रोग सगळ्यांना जडतो. निर्यातीच्या बाजारात एकेकाळी सर्वत्र असलेली ग्रो मिशेल ही जात पनामा मर रोगामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारातून जवळजवळ बाद झाली. शिवाय भाताची जुनी जात बियाण्याच्या डब्यात काही वर्षे तग धरते, तशी सोय केळीला नाही. जात जिवंत राहते ती कोणाच्या तरी परसात किंवा प्रयोगशाळेत उभी असेल तरच. बोर्ली पंचतनच्या परिसरात ज्यांच्या वाडीत राजेळी किंवा बनकेळ अजून टिकून आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात तिचे दोन मुनवे शेजाऱ्याच्या वाडीत लावून द्यावेत.