आयव्हन सदरलंड : मठ न बांधणारे गुरुजी

टीएक्स-२ या संगणकाचा पडदा सात इंच लांब आणि सात इंच रुंद, एवढाच होता. संगणकाशी बोलायचं म्हणजे कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा ऑपरेटरच्या हवाली करायचा आणि उत्तराची वाट बघायची, असा तो काळ. त्या काळात एमआयटीचे विद्यार्थी आयव्हन सदरलंड लाइट पेन पडद्याला लावून थेट आकृत्या काढत होते. १९६३ साली पूर्ण झालेला त्यांचा पीएचडीचा प्रबंध म्हणजे ‘स्केचपॅड’.

त्यातला षटकोन बघण्यासारखा आहे. आधी सहा बाजूंची वेडीवाकडी आकृती काढायची. तिचे कोपरे एकेक करून वर्तुळावर टेकवायचे आणि सगळ्या बाजू सारख्या हव्यात, एवढंच यंत्राला सांगायचं. आकृती डोळ्यांदेखत सरळ होते. मग वर्तुळ पुसून षटकोनाच्या हव्या तेवढ्या प्रती मांडायच्या. मूळ आकृती बदलली की साऱ्या प्रती बदलतात. आज कॅडवर बसणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण एका रेघेचं दुसरीशी असलेलं नातं यंत्राने लक्षात ठेवायचं, ही खरी झेप होती. चित्र उमटणं त्यापुढे किरकोळ, असं माझं मत.

हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांना बेल हेलिकॉप्टर कंपनीच्या एका प्रयोगाने भुरळ घातली. गच्चीवर कॅमेरा होता, त्याचं चित्र आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उमटे आणि तो मान वळवील तसा कॅमेरा वळे. गच्चीवर दोघे झेलाझेली करत होते. एकाने चेंडू कॅमेऱ्याच्या रोखाने फेकला, तर आत सुखरूप बसलेला माणूस झटकन वाकला. मग कॅमेऱ्याच्या जागी संगणकच बसवला तर? १९६८ मध्ये बॉब स्प्रौल या विद्यार्थ्याला हाताशी धरून त्यांनी डोक्यावर चढवायचा पडदा तयार केला. डोळ्यांसाठी दोन छोट्या चित्रनलिका, आणि मान किती वळली ते मोजायला छतावरून लोंबणारा दांडा. त्या दांड्याला ग्रीक कथेतल्या, डोक्यावर केसाने टांगलेल्या डॅमोक्लिझच्या तलवारीचं नाव पडलं. खाली उभं राहणाऱ्याला ते पटलंच असेल.

त्याच वर्षी ते डेव्हिड इव्हान्स यांच्याकडे युटा विद्यापीठात गेले. दोघांनी कंपनीही काढली. युटाच्या संगणकशास्त्र विभागातून त्या वर्षांत बाहेर पडलेली नावं बघा: छटांच्या पद्धती शोधणारे गूरो आणि फोंग, पुढे पिक्सार उभारणारे एड कॅटमल, सिलिकॉन ग्राफिक्स काढणारे जिम क्लार्क. एकदा खरी मोटार संगणकात उतरवायचं ठरलं. सदरलंडबाईंची फोक्सवॅगन बीटल हाती लागली. पोरांनी पत्र्यावर रेघांचं जाळं आखलं आणि मोजपट्ट्या घेऊन एकेक बिंदू मोजून काढला. गाडी परत मिळाल्यावर बाई काय म्हणाल्या असतील!

विषयात नाव झालं की माणसं त्याचाच मठ बांधून बसतात. सदरलंड उठून गेले. कॅलटेकला त्यांनी संगणकशास्त्र विभाग उभा केला आणि कार्व्हर मीड यांच्याबरोबर चिपच्या रचनेत शिरले. मध्येच सहा पायांनी चालणारं, माणसाला बसता येईल एवढं यंत्र बांधलं. १९८८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना संगणकीय चित्रणासाठी मिळालं. त्यानिमित्तच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्यांनी निवडला तो घड्याळाच्या ठोक्याविना चालणाऱ्या सर्किटांचा. २००९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, पोर्टलंड स्टेट विद्यापीठात मार्ली रॉन्केन यांच्या साथीने त्यांनी त्याच सर्किटांसाठी संशोधन केंद्र सुरू केलं.