फलाटावरची पीप-पीप

अंधेरी, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या फलाटावर एका ठरावीक जागी डोक्यावरून सतत ‘पीप-पीप’ ऐकू येते. लोकलचा दिव्यांगांसाठी राखीव डबा तिथेच थांबतो. डोळ्यांनी पाटी वाचता येत नाही, अशा प्रवाशासाठी ही कानांनी वाचायची पाटी.

आवाज तुटकच का? तो एका कानात आधी आणि दुसऱ्या कानात किंचित नंतर पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तरी मेंदू त्यावरून दिशा काढतो. प्रत्येक नव्या ‘पीप’बरोबर त्याला हा हिशेब पुन्हा मांडता येतो, एकसुरी, सलग आवाज नेमका कुठून येतोय हे ओळखणे त्यामानाने अवघड जाते. अर्थात गाडी धडधडत आली, वर उद्‌घोषणाही सुरू झाली, की ही पीप-पीप बुडते. मग मदत होते पायांखालच्या लादीची.

२०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांत अशा उंचवट्यांच्या लाद्या आहेत. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा. गोल ठिपके म्हणजे सावध, पुढे कडा, जिना किंवा वळण आहे. पांढऱ्या काठीच्या टोकाला आणि चपलेच्या तळालाही हा फरक कळतो. या लाद्यांवर बॅगा टेकवून गप्पा मारत उभे राहणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही लादी घडवली. १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. तिचा पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांनाही करड्या फरशीवर उठून दिसतो.