रंगाच्या बादलीला कसं कळतं, आकाराच्या 'आत' काय आणि 'बाहेर' काय?

पेंटसारखं एखादं ॲप उघडायचं, एक गोल काढायचा, रंगाची बादली निवडायची आणि गोलात टॅप करायचं. क्षणात गोल लाल. पण गोलाची रेघ कुठे एका ठिपक्याएवढी जरी तुटली असेल, तर रंग त्या फटीतून बाहेर पडतो आणि अख्खं पान लाल होतं. मग घाईघाईने 'अनडू'.

असं का होतं? कारण गोल आपल्याला दिसतो, कॉम्प्युटरला नाही. त्याच्यासमोर असतात फक्त ठिपके, म्हणजेच पिक्सेल. फुल एचडी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. त्यातला कुठला रंगवायचा आणि कुठला सोडायचा, एवढाच कॉम्प्युटरपुढचा प्रश्न. पण हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

आधी रेघ काढू

शाळेतली चौकडीची वही आठवा. तिरकी रेघ काढायची आहे, पण पेन्सिल फिरवायची नाही, फक्त चौकोन रंगवायचे. समजा १० घरं पुढे जाताना ३ घरं वर चढायचं आहे. नेमकं कुठे चढायचं?

याचं झटपट उत्तर १९६२ मध्ये आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी शोधलं. कागदावर पेनाने रेघा मारणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठी त्यांना ते हवं होतं. युक्ती अशी: प्रत्येक घर पुढे जाताना ३ मिळवत जायचे. बेरीज १० च्या निम्म्याच्या, म्हणजे ५ च्या वर गेली की एक घर वर चढायचं आणि बेरजेतून १० वजा करायचे. वहीवर करून बघा. दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या घराला रेघ वर चढते आणि दहाव्या घराला बेरीज बरोबर शून्यावर येते.

यात भागाकार नाही, अपूर्णांक नाहीत. फक्त बेरीज आणि वजाबाकी. त्या काळच्या संथ यंत्रांना हे झेपणारं होतं. आजही कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच ही पद्धत शिकवतात.

गोलासाठी विषम संख्या

गोल काढायचा तर वर्गमूळ लागतं आणि ॲपलच्या सुरुवातीच्या मॅकिंटॉशमधल्या प्रोसेसरसाठी ते फार वेळखाऊ काम होतं. तिथल्या बिल ॲटकिन्सन यांनी एक जुना गणिती गुणधर्म वापरला. १ ही पहिली विषम संख्या, म्हणजे १ चा वर्ग. १ अधिक ३ म्हणजे ४, हा २ चा वर्ग. त्यात ५ मिळवले की ९, हा ३ चा वर्ग. म्हणजे विषम संख्या मिळवत गेलं की वर्ग आपोआप मिळतात आणि गोल नुसत्या बेरजेने काढता येतो.

ॲटकिन्सन यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी १९८१ ची एक आठवण लिहून ठेवली आहे. गोलाचं काम बघून स्टीव्ह जॉब्स यांनी विचारलं, कोपरे गोलसर असलेला आयत जमेल का? ॲटकिन्सन यांना त्याची गरज वाटेना. मग जॉब्स त्यांना बाहेर फिरायला घेऊन गेले आणि रस्त्यावरच्या पाट्यांपासून सगळीकडे तोच आकार दाखवत सुटले. दुसऱ्या दिवशी ॲटकिन्सन ते करून घेऊन आले. आज मोबाईलवरच्या ॲपच्या आयकॉनकडे बघा. तोच आकार.

आता बादली

रंग भरण्याच्या पद्धती दोन. पहिली बादलीची. तुम्ही टॅप केलेला पिक्सेल आपला रंग बदलतो आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार शेजाऱ्यांना विचारतो, तुमचा रंग माझ्या जुन्या रंगासारखाच आहे का? असेल तर तोही बदलतो आणि आपल्या शेजाऱ्यांना विचारतो. वेगळा रंग लागला की तिथे थांबायचं. म्हणून फट एका पिक्सेलची असली तरी पुरते. पुराचं पाणी पसरावं तसा हा प्रकार, म्हणून त्याचं नाव 'फ्लड फिल'.

मग तिरक्या शेजाऱ्यांनाही का विचारत नाहीत? कारण तिरक्या रेघेतले पिक्सेल एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकलेले असतात. तिरकं जायची मुभा दिली तर रंग धडधाकट रेघेतूनही पलीकडे जाईल.

रंग भरल्यावर कडेला पांढुरकी किनार उरते, त्याचंही कारण इथेच आहे. रेघ मऊ दिसावी म्हणून तिच्या कडेला मधल्या छटांचे पिक्सेल असतात. बादली त्यांना 'वेगळा रंग' समजून सोडून देते. ॲपमध्ये 'टॉलरन्स' वाढवला की ती थोडा फरक चालवून घेते.

दुसरी पद्धत: सीमा मोजा

फॉन्ट, लोगो, नकाशे यांत आकार पिक्सेलमध्ये नाही, तर कडांच्या रूपात साठवलेला असतो. तिथे नियम लागतो. एखाद्या बिंदूपासून सरळ बाहेर जा आणि वाटेत किती कडा ओलांडल्या ते मोजा. संख्या विषम असेल तर बिंदू आत, सम असेल तर बाहेर. हा सम-विषम नियम.

आता पेन न उचलता पाच टोकांची चांदणी काढा. टोकातून बाहेर पडताना एक कड लागते, म्हणजे टोक आत. मधल्या पंचकोनातून निघालं तर दोन कडा लागतात, म्हणजे चांदणीचं पोट चक्क बाहेर! टोकं रंगतात, पोट रिकामं राहतं.

दुसरा नियम कडांची दिशा बघतो. एका दिशेने जाणारी कड ओलांडली तर अधिक १, उलट दिशेने जाणारी ओलांडली तर उणे १. उत्तर शून्य आलं तरच बिंदू बाहेर. या नियमाने चांदणी पूर्ण भरते. वेबवरच्या एसव्हीजी चित्रांत वेगळं काही सांगितलं नसेल तर हाच नियम लागतो.

याचा मराठीशी संबंध काय?

थेट संबंध आहे. 'व' या अक्षराचं पोट रिकामं दिसतं, कारण फॉन्टमध्ये त्याची बाहेरची कड एका दिशेने आणि आतली उलट दिशेने काढलेली असते. दोन्ही एकाच दिशेने गेल्या, तर दुसऱ्या नियमाने 'व' चं पोट भरून त्याचा काळा ठिपका होतो.

शिरोरेघेची गंमत वेगळी. शब्दात ती अखंड दिसावी म्हणून फॉन्ट बनवणारे शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर किंचित चढवतात. टाईप करताना अडचण येत नाही, कारण प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे रंगवलं जातं. पण बॅनर किंवा पत्रिकेसाठी त्याच शब्दाचा एकच आकार केला आणि त्याला सम-विषम नियम लागला, तर जोडावर कडांची संख्या सम होते आणि शिरोरेघेत पांढरी भोकं पडतात.

अशी भोकं दिसली तर फॉन्टला किंवा प्रिंटरला लगेच दोष देऊ नका. डिझायनरला दोनच गोष्टी सांगा: भरण्याचा नियम बदल, किंवा चढलेले आकार जोडून त्यांची बाहेरची कड एकच कर. आणि हे छापायला द्यायच्या आधी सांगा, कारण छापलेल्या बॅनरला 'अनडू' नसतं.