स्वमग्न व्यक्तींचे जीवन : मोजावयाचे काय आणि सांगावयाचे कोणी?

स्वमग्नतेचे निदान व प्रमाणपत्र यांसाठी भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणी ही ४० बाबींची मोजपट्टी आपल्या देशात २००९ मध्ये तयार झाली. प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण असतात. गुण जितके अधिक, तितकी स्वमग्नता तीव्र मानली जाते. या गुणांवरून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते आणि ४० टक्क्यांपासून अनेक सवलती मिळतात. हे काम आवश्यकच आहे. परंतु ती व्यक्ती कशी जगत आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अधिक टक्केवारीचा एखादा तरुण आपल्या ठरलेल्या दिनक्रमात समाधानी असतो, तर कमी टक्केवारीचा दुसरा चारचौघांसारखे वागण्याच्या धडपडीत रोज थकून जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जीवनाची गुणवत्ता मोजण्याची पद्धती विकसित केली. त्या कामात नवी दिल्ली व मद्रास येथील केंद्रेही सहभागी होती. तिच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीत शारीरिक आरोग्य, मानसिक स्थिती, सामाजिक संबंध आणि परिसर असे चार विभाग आहेत. मित्र किती, हे ती विचारीत नाही. त्यांच्या आधाराबाबत समाधान आहे काय, हे विचारते. हा भेद फार मोलाचा आहे. नोकरी, विवाह, स्वतंत्र घर यांची केवळ मोजदाद केली, तर एकाच मित्रावर संतुष्ट असणारा मनुष्य उगाच अयशस्वी ठरतो.

तरीही सर्वसाधारण प्रश्नावली अपुरी पडते. म्हणून इंग्लंडमधील संशोधकांनी स्वमग्न प्रौढांशी विचारविनिमय करून तिला जोड म्हणून नऊ प्रश्न सिद्ध केले व ते २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. भोवतालचा आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्या त्रासामुळे इच्छित कामे अडतात काय, ओळखीच्या माणसांत मोकळेपणाने वागता येते काय, स्वमग्नता हा आपल्या ओळखीचा भाग म्हणून मनास मान्य आहे काय, असे त्यांचे स्वरूप आहे. हे प्रश्न बाहेरून पाहणाऱ्यास सहसा सुचले नसते.

खरी अडचण उत्तर देणाऱ्याची आहे. बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने आई-वडील उत्तर देतात. त्यांचा अनुभव मोठा असतो, पण त्यांची चिंता आणि मुलाचे सुख या दोन गोष्टी एक नव्हेत. यास्तव पालकांचे उत्तर वेगळे नोंदवावे. चित्रे दाखवून, ‘होय’ अथवा ‘नाही’ अशा खुणांनी, परिचित जागी व पुरेसा वेळ देऊन त्या व्यक्तीलाच विचारावे. तेही शक्य नसेल तर ती कोठे रमते, कोठून दूर जाते, झोप व आहार कसा आहे, हे काही दिवस पाहावे.

राज्यातील ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती बहुधा वस्तुवाटपात जाते. खर्चाचा ठराव करण्यापूर्वी गावातील स्वमग्न मुलाच्या घरी एकदा जाऊन आले, तर शाळेच्या घंटेचा कर्कश आवाज त्याला वर्गाबाहेर पळवितो, एवढी साधी गोष्टही कळू शकते. आणि घंटा बदलण्यास फारसा खर्च येत नाही.